विस्तव्यांच्या आगटीपर्यंत

माझं आडनाव विस्तवे. कोल्हापुरात या आडनावाचं घर एकच, आमचं. त्यामुळे पोस्टमनला पत्त्याची गरज पडत नाही आणि वर्गातल्या मुलांना मला टोपणनाव शोधण्याचे कष्ट पडत नाहीत. मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझा स्वभाव तापट आहे असं मित्र म्हणतात, आणि आडनावच तसं असल्यावर बिचारा काय करणार, असंही तेच म्हणतात. सुट्टीत लोक काशी-रामेश्वर करून येतात, कुणी मुंबई बघून येतं. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती तेव्हाच्या एका दिवाळीच्या सुट्टीत मी माझं आडनाव बघून आलो. ज्यांना त्या बाजूला जाण्याचं काही कारण नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

कारण घडलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं. आम्हाला आईवडील नाहीत. तिला आणि मला बायजाआत्यानं वाढवलं. पेठ वडगावचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा वसंत, शिकलेला, घरची उसाची शेती आणि स्वतःचं गुऱ्हाळ. मुलानं मुलगी बघितली, मुलीनं मुलगा बघितला, दोघंही लाजले, म्हणजे काम झालंच होतं. मग मुलाचे चुलते दाजीबा पानाला चुना लावता लावता म्हणाले,

"मास्तर, पोरगी पसंत हाय. पर तुमचं आडनाव काय पचंना बघा. विस्तवे! आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुणी ऐकलं न्हाय."

"तुम्ही ऐकलं नाही म्हणून ते नसतं का?" मी म्हणालो.

"ऐकलंय की! तिथंच तर घोडं अडलंय. मलकापूरच्या बाजारला येनारा एक गडी सांगत हुता, विस्तव्यांनी गाव जाळलं आन रातोरात पळालं. खरं-खोटं देव जाणं. पर आमच्या दारात उसाचा पाला डोंगराएवढा पडलेला असतोय, गुऱ्हाळ चोवीस तास पेटलेलं. उद्या काय इपरीत झालं तर लोक म्हनतील, आगलाव्यांची पोर आणली आन हात भाजून घेतलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानं सुपारीचं तबक माझ्या आणि दाजीबांच्या मधे सरकवलं. दाजीबांनी सुपारी उचलली आणि शांतपणे सांगितलं, "तुळशीच्या लग्नापतूर थांबतो. तुमचं मूळ काय ते दाखवा. न्हायतर ज्याची त्याची वाट मोकळी."

ते गेल्यावर इंदूनं कपबशा गोळा केल्या. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता, हे तिनं त्या विसळायला जो वेळ लावला त्यावरून कळत होतं. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सल्ला दिला, गॅझेटात जाहिरात देऊन सरळ पाटील होऊन जा. मी त्याला म्हणालो, तूच हो.

बोललो खरं, पण मनात भीती होती. आमचं मूळ गाव मलकापूरच्या वर डोंगरात हुंबरवाडी, एवढं आत्याला ठाऊक होतं. आणि त्या गावात पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं तिच्या आजोबांनी घरात सांगून ठेवलेलं होतं, हेही ठाऊक होतं.

"का पण?" मी विचारलं.

"ते विचारलं असतं तर थोबाडीत मिळाली असती," आत्या म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर. तू एकटा गेलास तर भांडून परत येशील."

मलकापूर

मोटारीचा प्रवास मी सांगत बसत नाही. धूळ, मग चिखल, आणि बांबवड्याला भजी. पुढे रस्ता चढणीला लागला तशी हवा बदलली. आमच्याकडे पाऊस दसऱ्याला निरोप घेतो. इकडे तो दिवाळीचा फराळ करूनच जात असावा, कारण मलकापुरात उतरलो तर बारीक सर चालू होती आणि बाजारात निम्मी माणसं डोक्यावर पोती पांघरून हिंडत होती. घोंगडी, बुट्ट्या, नाचणी, सुकट असा बाजार. कोल्हापूरच्या मंडईत माणूस भावासाठी आरडाओरडा करतो. इथे गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन नुसतं उभं राहतं आणि दुकानदार कंटाळून भाव उतरवतो. मला ही पद्धत आवडली, पण माझ्याच्यानं ती जमणार नाही.

हुंबरवाडीचं कुणी आहे का म्हणून विचारत गेलो तेव्हा एकानं मिठाच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथे पन्नाशीचा, आडव्या हाडाचा एक शेतकरी मीठ घेत होता. दौलू त्याचं नाव.

"पावणं कुठलं?" त्यानं विचारलं.

"कोल्हापूरचे. विस्तवे."

त्यानं मिठाची पुडी परत तागडीत ठेवली.

"कंचं विस्तवे?"

"आहेत किती?" मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं, आत्याकडे त्याहून जास्त वेळ बघितलं. मग मीठ धोतराच्या सोग्यात बांधलं, आत्याचं बोचकं उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलं आणि चालू लागला. चला म्हणाला नाही की थांबा म्हणाला नाही.

डोंगरातली वाट

वाट तांबड्या चिखलाची. एका बाजूला कापणीला आलेलं भात, दुसऱ्या बाजूला कारवीचं रान, आणि वर डोंगराची डोकी ढगात बुडालेली. भाताचा तो ओला गोड वास मी कधी विसरणार नाही. जळवाही विसरणार नाही. आत्यानं माझ्या पोटरीवरची एक जळू मिठाची चिमूट लावून पाडली, आणि ते मीठ दौलूनं न बोलता पुढे केलं होतं. वाटभर त्यानं केलेली दुसरी गोष्ट म्हणजे ओढ्याच्या पाण्यात आत्याला हात दिला. बाकी तोंडातून शब्द नाही.

"हा आपल्याला गावात नेऊन मारणार," मी आत्याच्या कानात म्हणालो.

"मारायचं असतं तर बोचकं कशाला उचललं असतं?"

"बोचक्यात काय आहे ते बघायला."

आत्या हसली, पण तिनं पदर घट्ट खोचून घेतला. तिच्याही मनात आजोबांचे शब्द असणार. शंभर ठिकाणी नाक वर करून आडनाव सांगणाऱ्या मला त्या वाटेवर पहिल्यांदा वाटलं की आपण कुठलेतरी पाटील असतो तर बरं झालं असतं.

हुंबरवाडी

उन्हं कलायच्या सुमाराला वाडी दिसली. उतारावर पसरलेली कौलारू आणि गवती घरं, प्रत्येक छपरातून धूर निघत होता आणि पावसाळी हवेमुळे तिथेच रेंगाळत होता. वेशीवर आल्यावर दौलू थांबला, आणि इतका वेळ साठवून ठेवलेला आवाज त्यानं एकदम सोडला.

"आरं, विस्तवे आल्यात! विस्तव्यांचं घर आलंया!"

माणसं बाहेर आली. पुरुष जागच्या जागी उभे राहिले. बायकांनी आमच्याकडे एकवार बघितलं आणि भराभरा घरात पळाल्या. कुणी या म्हणालं नाही, बसा म्हणालं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की छपरांवरचा धूर कमी होतो आहे. एका घराचा थांबला, मग शेजारच्याचा, मग पलीकडच्या ओळीचा. बघता बघता सगळ्या वाडीवरचा धूर नाहीसा झाला. आत चुलींवर पाणी पडल्याचा चर्र आवाज येत होता. आमची सावली पडली म्हणून लोकांनी चुली विझवल्या, असंच मला वाटलं. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता.

दौलूनं आम्हाला आपल्या सोप्यात घोंगडं टाकून बसवलं आणि "आलोच" म्हणून गेला. मी सकाळच्या भज्यांवर होतो. घाबरलेल्या माणसाला भूक जास्त लागते, निदान मला तरी लागते. बोचक्यात इंदूनं दिलेल्या दशम्या होत्या. मी फडकं सोडलं, दशमीवर लसणाची चटणी घेतली आणि एक मोठा घास तोंडात घातला.

"आँ!" दारातून दौलूची बायको सखू किंचाळली. तोंडावर हात ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हाकेनं दौलू धावत आला, त्यानं माझं मनगट धरलं आणि दशमी काढून घेतली.

"गावात एक बी चूल पेटलेली न्हाय आन तुमी घास घेतलासा? विस्तवे हायसा का कोन हायसा?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "चुली तुम्हीच विझवल्यात! आम्ही आलो म्हणून विझवल्यात, ते काय मला दिसत नाही?"

"व्हय! तुमी आलासा म्हनून! तुमच्या हातनं इस्तू घ्याचा म्हनून!" दौलूही माझ्याइतकाच ओरडत होता. "सत्तर-ऐंशी वरसं झाली, विस्तव्याच्या हातचा इस्तू घावला न्हाय ह्या गावाला. आज घावनार, तर शिळ्या आगीवर कोन शिजवंल?"

मी तोंडातला घास गिळू की बाहेर काढू हे मला कळेना. आत्यानं आपल्या पदराचा शेव पुढे केला आणि लहानपणी म्हणायची तशीच म्हणाली, "टाक."

आगटी

वाडीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. घराची जोती राहिली आहेत, पण तिथे कुणी घर बांधलेलं नाही आणि झाड उगवू दिलेलं नाही. मधे चार खांबांवर एक छप्पर, आणि छपराखाली दगडांनी बांधलेली खोल आगटी. दौलूनं वरची राख काठीनं बाजूला केली. राखेखाली शेणीचा निखारा लालबुंद होता.

"ह्यो तुमचा," तो म्हणाला. "तुमच्या घराचा इस्तू. आमी नुसता राखलाय."

मग त्यानं सांगितलं आणि गावानं मधे मधे भर घातली, त्यातून मला माझं आडनाव कळलं. या डोंगरात पाऊस कोसळू लागला की आठवडेच्या आठवडे थांबत नाही. लाकडं भिजतात, भिंती भिजतात, गारगोटीनं ठिणगी पडत नाही. आजही इथे काड्यांची पेटी आषाढात सादळून जाते, आणि तेव्हा तर पेट्याच नव्हत्या. कुठल्या ना कुठल्या घराची चूल रोज विझायची. तेव्हा एका घरानं विस्तव राखायचं काम अंगावर घेतलं. रात्रंदिवस घरातलं एक माणूस जागं, सुक्या शेणीची रास घराच्या सर्वांत कोरड्या खोलीत, आणि माणसं पडवीत. ज्याची चूल विझेल त्यानं पहाटे दारात यायचं आणि निखारा न्यायचा. ते घर म्हणजे विस्तवे.

त्या घराचे नेम होते. मागायला येणाऱ्याला, तुझी चूल का विझली, असं विचारायचं नाही. कुणाला दिला ते दुसऱ्याला सांगायचं नाही. आणि गावातल्या शेवटच्या घराच्या छपरातून धूर निघाल्याशिवाय विस्तव्यानं तोंडात घास घालायचा नाही.

"भांडनं काय गावात नसतात व्हय?" एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला. "वरली आळी आन खालली आळी, एकमेकांचं तोंड बघत न्हवती. पर दोगंबी विस्तव्याच्या दारात यायची. कुनाचा कुनासंगट इस्तू जात नसला, तरी तुमच्या घरासंगट समद्यांचा जायाचा."

आपण रोज बोलतो, अमक्याचा तमक्याशी विस्तव जात नाही. मीही शंभरदा बोललो असेन. ते बोलणं ज्या घराला कधी लागू झालं नाही, त्या घरचा मी आहे, हे मला त्या छपराखाली ओल्या पायांनी उभं राहून कळलं. माझी छाती भरून आली. हे लिहिताना पुन्हा भरून येते आहे आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

दौलूनं माझ्या हातात चिमटा दिला. गाव ओळीनं आलं. कुणी करवंटी, कुणी खापर, कुणी शेणीचा तुकडा पुढे करत होतं. मी निखारा ठेवायचा, त्यांनी तो कपाळाला लावल्यासारखा उचलून न्यायचा. चित्राचा ब्रश सोडून या हातांनी दुसरं काही कधी धरलेलं नव्हतं. पहिल्यांदा दोन निखारे खाली पाडले, एकदा स्वतःचं बोट भाजलं. पण मग हात बसला. वाडीवर एकेक धूर पुन्हा उभा राहिला. वरल्या आळीच्या टोकाच्या घराचा धूर निघेना. सगळे माना उंचावून बघत राहिले. लाकूड ओलं होतं म्हणे. शेवटी तिथूनही निळी रेघ वर आली तेव्हा सखू म्हणाली, "आता जेवा की, पावणं."

जेवण

जेवायला नाचणीची भाकरी, ओढ्यातल्या खेकड्यांचा झणझणीत रस्सा आणि लाल तांदळाचा भात. कोल्हापूरकर तिखटाच्या गोष्टी सांगतात, त्यांनी सखूच्या हातचा रस्सा खाऊन बघावा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते रश्शानं येत होतं असं मी सगळ्यांना सांगितलं.

पण दाजीबांचे शब्द मनातून जात नव्हते. भात कालवता कालवता मी विचारलंच.

"मग विस्तव्यांनी गाव जाळलं म्हणतात, ते काय?"

सगळ्यांचे हात थांबले. सखूनं मान खाली घातली.

"जळलं की," दौलू म्हणाला. "शिमग्याचं दीस, वाळलेली छपरं, वारं सुटल्यालं. खालली आळी सगळी गेली. इस्तू तुमच्याच घरचा हुता."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"आन नेनारी आमच्या घरची," दौलू म्हणाला. "माजी आजी. नवी नवरी हुती, करवंटीत इस्तू घिऊन चालली हुती. वाऱ्यानं निखारा उडाला. ती भ्याली, घरात जाऊन बसली. गाव गोळा झालं, तुमच्या पणज्याला इचारलं, आज सकाळी इस्तू कुनाला दिलास? त्यानं तोंड उघडलं न्हाय. नेमच हुता तसा. मग लोक म्हनाली, सांगत न्हाईस तर आग तूच लावलीस. त्यो म्हनाला, तसं म्हना. आन बायकापोरं घिऊन डोंगूर उतरला."

"मग?" आत्यानं विचारलं.

"मग आजीच्यानं ऱ्हाववंना. गावापुढं जाऊन तिनं सोताच सांगितलं. मानसं धावत मलकापूरपतूर गेली. त्यो घावला न्हाय. तवापासनं तुमची आगटी आमच्या घरानं राखायची, ही आजीची आन हाय. आमी कुनालाबी इस्तू देताना म्हनतो, विस्तव्यांचा घे."

आत्याच्या ताटातला भात तसाच होता. ती हळू आवाजात म्हणाली, "आणि माझा बाप जन्मभर मान खाली घालून जगला." मग तिनं डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि सखूला म्हणाली, "रस्सा वाढ गं अजून." त्या क्षणी मला आमच्या घराण्यातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा ती मोठी वाटली.

अर्धीच गोष्ट डोंगर उतरून वडगावपर्यंत गेली होती. उरलेली अर्धी आता मी घेऊन जाणार होतो, आणि नुसती गोष्टच नव्हे.

परतीची वाट

निघताना दौलूनं एका गाडग्यात राख, राखेत शेणीचा निखारा आणि वर भाताचा कोंडा असा विस्तव भरून दिला. "घरला न्या. तुमचाच हाय," म्हणाला. गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं.

मलकापुरात मोटारीच्या ड्रायव्हरनं गाडग्यात डोकावून बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. "मास्तर, डोकं ठिकाणावर हाय का? खाली पेट्रोल हाय! इस्तू ठेवा आन बसा, न्हायतर इस्तू घिऊन चाला."

मी त्याला आडनावाचा इतिहास सांगू लागलो. मोटार निघून गेली.

शेवटी कोल्हापूरच्या बाजाराला भाताची पोती घेऊन निघालेली एक बैलगाडी मिळाली. दोन दिवसांचा तो प्रवास मी आयुष्यात कुठल्याही मोटारीशी बदलणार नाही. मोटारीतून जाताना एका झोपेत संपलेला मुलूख आता सावकाश बघायला मिळाला. काठोकाठ वाहणारे ओढे, कापणीला वाकलेल्या बायका, आणि लांबवर ढगातून डोकं वर काढणारा पन्हाळा. बांबवड्याच्या देवळात मुक्काम केला तेव्हा आत्या गाडगं उशाशी घेऊन निजली. पुढच्या दिवशी वाघबिळाच्या उतारावर पावसानं गाठलं. छत्री एकच. मी ती आत्याच्या डोक्यावर धरली, तर तिनं ओढून गाडग्यावर धरली.

"आत्या, भिजतेस."

"मी भिजले तर वाळेन. हा भिजला तर?"

आम्ही दोघंही चिंब होऊन घरी पोचलो. इंदूनं दार उघडलं. आत्यानं गाडगं चुलीपुढे ठेवलं आणि राख बाजूला केली. खाली एकच निखारा उरला होता, तोही सुपारीएवढा. इंदूनं फुंकर घातली, आणि चूल पेटली.

घरी

दाजीबांना मी निरोप पाठवला, या, मूळ दाखवतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी ते छकडा जोडून आले. माझं भाषण तयार होतं. दोन दिवस बैलगाडीत बसून मी त्यातला एकेक शब्द घासूनपुसून ठेवला होता. आगलावे कोण, अर्धवट ऐकून बोलणारे कोण, सगळं त्यात होतं. पण मी खाकरण्याआधीच आत्या सुरू झाली. तिनं बसूनच पण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं, वेशीपासून सुपारीएवढ्या निखाऱ्यापर्यंत. चुना लावलेलं पान दाजीबांच्या हातातच सुकलं.

मग ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि आमच्या चुलीकडे बघत उभे राहिले.

"मास्तर," ते पाठमोरे राहूनच म्हणाले, "पाडव्याला आमच्या गुऱ्हाळाचं चुलवण पेटतंया. यंदाच्या गुळाचा पयला जाळ." थोडं थांबून म्हणाले, "इस्तू द्याल?"

माझं सगळं भाषण जिभेवर आलं. असा मोका पुन्हा मिळायचा नव्हता. पण दारात विस्तव मागायला माणूस उभा होता, आणि का म्हणून विचारायचं नाही, हा नेम होता. मी चिमटा घेतला, तेच गाडगं पुढे ओढलं, त्यात चांगले रसरशीत निखारे भरले, वर राख आणि कोंडा टाकला आणि त्यांच्या हातात दिलं. एक शब्द बोललो नाही. आजवरच्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसल्याचं कुणाला आठवत नाही.

ते गेल्यावर आत्यानं ताट वाढलं. मी हात धुऊन बसलो आणि हात मागे घेतला.

"काय रे?"

"अजून त्यांचं चुलवण पेटलेलं नाही."

"ते उद्या पेटणार!" इंदू म्हणाली. "दादा, वडगावचा धूर इथून दिसतो का?"

दिसत नाही हे मलाही ठाऊक होतं. पण हुंबरवाडीत एक घास पदरात टाकावा लागला होता, तो पुन्हा टाकायची माझी तयारी नव्हती. चहा म्हणजे जेवण नव्हे, अशी वाट आत्यानं काढली आणि तिच्यावर मी तो दिवस काढला. दुसरा दिवस पाडव्याचा. घरात चकल्या, करंज्या, अनारसे, येणारा-जाणारा फराळ करतो आहे, आणि मी ओसरीवर बसून रस्त्याकडे बघतो आहे. शेजाऱ्यांना वाटलं, लग्न मोडलं. इंदूही करंजीला शिवली नव्हती. मी रागावलो तर म्हणाली, "अजून विस्तवेच आहे मी."

दुपार कलल्यावर गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटा वाजली. वसंत होता, धुळीनं माखलेला, आणि हँडलला पितळेची किटली अडकवलेली. तो उतरायच्या आतच मी ओट्यावरून उतरलो होतो.

"पेटलं?"

"पेटलं की! पहिल्या फुंकरीला पेटलं," तो धापा टाकत म्हणाला. "ताजी काकवी दिलीय. पण काकांनी बजावलंय, काकवी मागनं दे. आधी सांग की चुलवण पेटलं. मास्तर उपाशी बसलं असतील."

मी इंदूकडे बघितलं. तिनं भाकरीवर काकवी ओतली, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.